धुरक्याचे कोडे उलगडणारा रसायनशास्त्रज्ञ

२६ जुलै १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरात त्या दिवशी सकाळी लोक कामावर निघाले आणि काही तासांतच रस्त्यांवर एक विचित्र, तपकिरी-करडा पडदा उतरला. डोळे चुरचुरू लागले, घशात आग होऊ लागली, समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला अवघी दीड-दोन वर्षे झाली होती. साहजिकच जपानने विषारी वायू सोडल्याची आवई उठली. प्रत्यक्षात शत्रू बाहेरून आलेला नव्हता. तो शहरातच होता, इतकेच नव्हे तर जवळपास प्रत्येक घरापुढे उभा होता. मात्र हे सिद्ध व्हायला पुढची दहा-बारा वर्षे जावी लागली, आणि ते सिद्ध करणारा माणूस प्रदूषणाचा अभ्यासक नव्हता. तो अननसाच्या स्वादाचे रसायनशास्त्र शोधणारा प्राध्यापक होता. अ‍ॅरी हेगन-स्मिट हे त्याचे नाव.

वाहनांच्या धुरावर सरकारने बंधने घालावीत, ही गोष्ट आज आपल्याला स्वाभाविक वाटते. गाडी घेतली की प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र आलेच, हे आपण गृहीत धरतो. पण हे कर्तव्य सरकारच्या गळ्यात आपोआप पडलेले नाही. त्यासाठी आधी कारण सिद्ध करावे लागले, मग ते मान्य करून घ्यावे लागले आणि त्यानंतर कायदा करून त्याची अंमलबजावणी करावी लागली. या तिन्ही टप्प्यांवर एकच माणूस उपस्थित असल्याची उदाहरणे विरळा. हेगन-स्मिट यांचे आयुष्य म्हणूनच आवर्जून जाणून घेण्यासारखे आहे.

टांकसाळीपासून प्रयोगशाळेपर्यंत

अ‍ॅरी यान हेगन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात झाला. वडील तेथील शाही टांकसाळीत रसायनतज्ज्ञ होते. धातूची शुद्धता मिलिग्रॅममध्ये मोजणारे वातावरण घरातच होते. सूक्ष्म प्रमाणातील पदार्थ ओळखण्याचे जे कौशल्य पुढे मुलाने आयुष्यभर वापरले, त्याचे बीज कदाचित तेथेच पडले असावे. उट्रेख्ट विद्यापीठात शिक्षण घेऊन त्यांनी १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत आढळणारी टर्पीन ही संयुगे हा त्यांचा विषय होता. पुढे त्याच विद्यापीठात वनस्पतींच्या वाढीला कारणीभूत ठरणाऱ्या संप्रेरकांवरील संशोधनात त्यांनी महत्त्वाचा वाटा उचलला.

१९३६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेत आले आणि पुढच्याच वर्षी पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच कॅलटेक या संस्थेत रुजू झाले. १९४० मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले. कांदा, लसूण, मद्य, फळे यांना विशिष्ट गंध आणि चव कशामुळे येते, याचा शोध घेणे हे त्यांचे आवडीचे काम होते. फळांचा प्रचंड साठा वापरून त्यातून स्वादद्रव्याचे अवघे काही ग्रॅम हाती लागत, आणि त्या थेंबभर द्रवात कोणकोणती संयुगे आहेत हे शोधून काढायचे असे. हा उद्योग चिकाटीचा होता, पण त्यात संघर्ष नव्हता. राजकारणाशी तर त्याचा दूरान्वयानेही संबंध नव्हता.

चुकीचा गुन्हेगार

इकडे लॉस एंजेलिसचे हाल वाढतच होते. या शहराची ठेवणच मुळी वशिंडासारख्या डोंगरांनी तीन बाजूंनी वेढलेल्या खोलगट ताटासारखी. चौथ्या बाजूला प्रशांत महासागर. समुद्रावरून येणारी थंड हवा खाली राहते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि शहराचा धूर त्या झाकणाखाली कोंडला जातो. १५४२ मध्ये काब्रियो हा दर्यावर्दी या किनाऱ्यावर आला, तेव्हा मूळ रहिवाशांनी पेटवलेल्या आगींचा धूर असाच खाली रेंगाळताना पाहून त्याने इथल्या एका उपसागराला धुरांचा उपसागर असे नाव दिले होते. चार शतकांनंतर त्याच ताटात लाखो माणसे, तेलशुद्धीकरण कारखाने आणि अमेरिकेतील सर्वाधिक मोटारप्रेमी समाज येऊन बसला होता.

१९४३ च्या त्या घटनेनंतर संशय आला तो शहराच्या मध्यवर्ती भागातील एका कारखान्यावर. युद्धासाठी लागणाऱ्या कृत्रिम रबराचा कच्चा माल, ब्युटाडाइन, तेथे तयार होत असे. जनक्षोभामुळे तो काही काळ बंद ठेवावा लागला. पण कारखाना थांबला तरी धुरके आले ते आलेच. १९४७ मध्ये राज्यपाल अर्ल वॉरन यांनी हवा प्रदूषण नियंत्रणासाठी जिल्हा यंत्रणा उभारण्याची मुभा देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिस परगण्यात अशी देशातील पहिली यंत्रणा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक लुइस मॅककेब यांनी सल्फर डायऑक्साइडवर लक्ष केंद्रित केले. त्यामागचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. लंडन, पिट्सबर्ग, सेंट लुईस या शहरांचा अनुभव हाच होता. तेथील धुरके गंधकयुक्त कोळशाच्या धुरातून तयार होत असे. तेलशुद्धीकरण कारखान्यांवर नियम लादले गेले, धुराड्यांची तपासणी झाली, काही प्रमाणात गंधकाचे उत्सर्जन कमीही झाले. परंतु लोकांच्या डोळ्यांतील पाणी काही थांबेना.

यात एक विसंगती होती, ती शेतकऱ्यांच्या शेतांत दिसत होती. परगण्यातील पालेभाज्यांच्या पानांवर चंदेरी, काशासारखी चकाकी येऊन पाने करपत होती. सल्फर डायऑक्साइडमुळे होणारे नुकसान वेगळे दिसते, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना ठाऊक होते. शिवाय लंडनचे धुरके थंडीत, ओलसर धुक्यात येई. इथले मात्र लख्ख उन्हात, भर दुपारी दाटत असे. म्हणजे हा आजार निराळाच होता, पण औषधोपचार मात्र लंडनच्या रोग्याचे चालू होते.

अननसाऐवजी हवा

कॅलटेकमध्येच शिकलेले उपकरणनिर्माते अर्नोल्ड बेकमन तेव्हा मॅककेब यांना सल्ला देत होते. हवेत नेमके काय आहे हे शोधायचे तर सूक्ष्म रसायनांचा तज्ज्ञ हवा, हे ओळखून त्यांनी हेगन-स्मिट यांचे नाव सुचवले. १९४८ च्या सुमारास हेगन-स्मिट यांनी अननसाचा गंध पकडण्यासाठी वापरलेली पद्धतच शहराच्या हवेला लावली. हजारो घनफूट हवा अतिथंड नळ्यांतून ओढून घेण्यात आली. तिच्यातील पदार्थ गोठून हाती आले ते तपकिरी रंगाच्या, उग्र दर्पाच्या थोड्याशा द्रवाच्या रूपात. त्याच्या पृथक्करणात गंधकाचा वाटा नगण्य निघाला. सापडली ती अल्डिहाइडे, सेंद्रिय आम्ले आणि पेरॉक्साइडे. पेट्रोलसारख्या हायड्रोकार्बन इंधनांचे अर्धवट ऑक्सिडीकरण झाल्यावर तयार होणारा हा सारा ऐवज होता.

निष्कर्ष सरळ होता, पण तो कोणालाच नको होता. तेल कंपन्यांच्या संघटनेने आपला अभ्यास एका नामांकित संशोधन संस्थेकडे सोपवला होता. त्या संस्थेच्या एका शास्त्रज्ञाने कॅलटेकमध्येच येऊन व्याख्यान दिले आणि हेगन-स्मिट यांचे निष्कर्ष चुकीचे असल्याचे जाहीरपणे मांडले. हेगन-स्मिट श्रोत्यांत बसले होते. एरवी त्यांनी हा विषय बाजूला ठेवून आपल्या वनस्पतींकडे परतणेच पसंत केले असते. परंतु आपल्या रसायनशास्त्रावर घेतलेला आक्षेप त्यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी संशोधनातून रजा घेतली आणि परगण्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेसाठी पूर्णवेळ काम सुरू केले. टीकाकारांनी त्यांना गप्प करण्याऐवजी आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी निर्माण केला, असेच म्हणावे लागेल.

रबराची पट्टी आणि पालकाचे पान

पुढील काही वर्षांत त्यांनी जे प्रयोग केले, त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा साधेपणा. लॉस एंजेलिसमध्ये मोटारींचे टायर इतर शहरांच्या मानाने लवकर तडकतात, ही तक्रार जुनी होती. ओझोन वायू ताणलेल्या रबराला तडे पाडतो, हे शास्त्रज्ञांना माहीत होते. हेगन-स्मिट यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या हवेत ठेवल्या आणि तडा पडायला लागणारा वेळ मोजला. महागड्या यंत्राची गरज उरली नाही. रबराचा तुकडाच ओझोनमापक बनला. धुरक्याच्या दिवशी तडे झपाट्याने पडत.

मग प्रश्न आला, हा ओझोन येतो कोठून? कोणत्याही धुराड्यातून वा गाडीच्या नळीतून तो बाहेर पडत नव्हता. हेगन-स्मिट यांनी काचेच्या पात्रात पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड एकत्र करून त्यांवर प्रकाश पाडला. पात्रातील रबर तडकू लागले. तेथे ओझोन तयार झाला होता. वनस्पतींच्या कोठडीत त्यांनी पालकासारख्या पिकांना पेट्रोलच्या वाफा आणि ओझोन यांच्या मिश्रणाचा धूर दिला, तेव्हा पानांवर तीच चंदेरी चकाकी उमटली. शेतात जे दिसत होते ते प्रयोगशाळेत जसेच्या तसे घडले.

उलगडा असा झाला. मोटारींच्या इंजिनांतून आणि तेलाच्या टाक्यांतून न जळालेले हायड्रोकार्बन हवेत जातात. इंजिनाच्या उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. कॅलिफोर्नियाचे प्रखर ऊन या दोहोंची प्रक्रिया घडवून आणते आणि त्यातून ओझोन व डोळ्यांना झोंबणारी इतर संयुगे तयार होतात. म्हणजे धुरके कोणी सोडत नाही. ते हवेतच शिजते. ज्या सूर्यप्रकाशाची जाहिरात करून या शहराने देशभरातील माणसे ओढून आणली, तोच सूर्यप्रकाश या स्वयंपाकाची चूल होता. १९५२ मध्ये त्यांनी हे सारे एका शोधनिबंधात मांडले.

त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाच्या धुरक्याने हजारो बळी घेतले आणि १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. तेथे गुन्हेगार डोळ्यांना दिसत होता. लॉस एंजेलिसचा गुन्हेगार अदृश्य होता. त्याचे दोन घटक वेगवेगळ्या ठिकाणांहून निघून आकाशात भेटत होते. अशा गुन्ह्याची जबाबदारी कोणावर टाकायची, हा प्रशासनापुढचा नवाच पेच होता.

जबाबदारी कोणाची?

या शोधाची खरी किंमत येथे लक्षात येते. तोपर्यंत प्रदूषण म्हणजे मूठभर कारखानदारांचा अपराध, अशी समजूत होती. सरकारने त्यांना नोटिसा द्याव्यात, दंड करावा, नागरिकांनी टाळ्या वाजवाव्यात, असा मामला होता. हेगन-स्मिट यांनी नागरिकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. गाडी चालवणारा प्रत्येक जण त्या धुरक्यात आपला वाटा घालत होता. पण एकेकट्या चालकाच्या हातात तरी काय होते? इंजिन त्याने बनवलेले नव्हते. म्हणजेच उपाय शोधायचा तर गाडी बनवणाऱ्यांना बांधून घ्यायला हवे होते, आणि ते काम केवळ शासनच करू शकत होते.

१९५३ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या बेकमन समितीने हेगन-स्मिट यांच्या सिद्धांताला अनुसरून शिफारशी केल्या. तेलशुद्धीकरण कारखाने व पेट्रोल भरण्याच्या ठिकाणांहून होणारी गळती रोखावी, मोटारींच्या धुरासाठी मानके ठरवावीत, उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालावी आणि वेगवान सार्वजनिक वाहतूक उभारावी, असा त्यांचा आशय होता. तेलाच्या टाक्यांवर बंधने आली. परसदारात कचरा जाळण्याच्या भट्ट्या शहरात घरोघरी होत्या. लोकांचा मोठा रोष पत्करून १९५७ मध्ये त्यांवर बंदी आली. सार्वजनिक वाहतुकीची शिफारस मात्र दशकानुदशके कागदावरच राहिली, ही बाब आपल्याकडील वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

सर्वांत अवघड गड होता तो डेट्रॉइटचा, म्हणजे मोटार उद्योगाचा. लॉस एंजेलिस परगण्याचे पर्यवेक्षक केनेथ हान यांनी १९५३ पासून मोटार कंपन्यांच्या प्रमुखांना पत्रे पाठवण्याचा धडाका लावला. गाडीतून निघणारा धूर हवेत तत्काळ विरून जातो, त्यामुळे समस्या उद्भवत नाही, अशा आशयाचे उत्तर फोर्ड कंपनीकडून आले. तोवर तेल आणि मोटार उद्योगांच्या पैशावर चालणाऱ्या अभ्यासकांनीही हेगन-स्मिट यांचे प्रयोग पुन्हा करून पाहिले. दशक सरता सरता त्यांनाही तेच उत्तर मिळाले आणि शास्त्रीय वाद संपला. मात्र धूर कमी करणाऱ्या साधनांवर संशोधन चालू आहे, अजून वेळ हवा, हे पालुपद संपले नाही.

मानके ठरवणारा प्राध्यापक

परगण्याचे अधिकार गाडीच्या इंजिनापर्यंत पोहोचत नव्हते. त्यासाठी राज्याला पुढे यावे लागले. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने वाहन प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले आणि हेगन-स्मिट त्याचे सदस्य झाले. कायद्यातील एक तरतूद मोठी चतुर होती. मंडळाने दोन साधने प्रमाणित केली, की त्यानंतर ठरावीक मुदतीने नव्या गाड्यांवर तशी साधने बसवणे बंधनकारक होणार होते. मोटार कंपन्या १९६७ पूर्वी असे काही शक्य नाही म्हणत होत्या. १९६४ मध्ये मंडळाने मोटार उद्योगाबाहेरच्या कंपन्यांनी बनवलेली चार साधने प्रमाणित केली. आता परक्याचे साधन विकत घेण्याची वेळ येणार हे दिसताच, जे अशक्य होते ते १९६६ च्या गाड्यांत शक्य झाले. पुढे जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोटार कंपन्यांवर खटलाच भरला. प्रदूषण रोखणारी साधने लांबणीवर टाकण्यासाठी त्यांनी आपसात संगनमत केल्याचा आरोप होता. त्याच वर्षी तडजोडीने तो मिटवण्यात आला.

१९६७ मध्ये राज्यपाल रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत राज्यातील यंत्रणा एकत्र करून कॅलिफोर्निया हवा संसाधन मंडळाची स्थापना झाली. त्याची पहिली बैठक फेब्रुवारी १९६८ मध्ये झाली आणि अध्यक्षपदी हेगन-स्मिट यांची निवड करण्यात आली. त्याच सुमारास केंद्राने देशभर समान मानकांचा आग्रह धरला, तेव्हा राज्यातील परिस्थिती लक्षात घेऊन कॅलिफोर्नियाला केंद्रापेक्षा कडक मानके ठरवण्याची विशेष सवलत मिळाली. ही सवलत अमेरिकेच्या हवेच्या इतिहासातील निर्णायक घटना ठरली. कॅलिफोर्नियाची बाजारपेठ एवढी मोठी, की तिच्यासाठी बनवलेले तंत्रज्ञान आज ना उद्या देशभर आणि पुढे जगभर पोहोचणे अटळ होते.

मंडळाने १९६९ मध्ये ओझोनवर्गीय प्रदूषके, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, धूलिकण यांची राज्यस्तरीय मानके निश्चित केली. १९७१ च्या गाड्यांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांवर देशातील पहिली मर्यादा घातली गेली. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने पुढे जे राष्ट्रीय रूप घेतले, त्याची रंगीत तालीम कॅलिफोर्नियात झाली होती.

तथापि हा मार्ग फुलांचा नव्हता. नव्या गाड्यांवर बंधने घालताना कंपन्या विरोधात जात. जुन्या गाड्यांना हात घालताच मतदार विरोधात गेले. १९६६ ते १९७० या काळातील गाड्यांना नायट्रोजन ऑक्साइडे कमी करणारे साधन मालकाने पदरच्या खर्चाने बसवावे, या धोरणावरून राज्यात मोठे वादळ उठले. स्वच्छ हवा सर्वांना हवी होती, तिचे बिल मात्र दुसऱ्याच्या नावावर हवे होते. हेगन-स्मिट यांनी वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत जे सिद्ध केले होते, त्याचा हा राजकीय अनुवाद होता. १९७३ मध्ये त्यांची अध्यक्षपदाची कारकीर्द संपली. कॅलटेकमधून ते त्याआधीच, १९७१ मध्ये निवृत्त झाले होते.

१९७३ चे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि १९७४ मध्ये, सुरू झालेल्या वर्षीच, पर्यावरणासाठीचे टायलर पारितोषिक त्यांना मिळाले. १७ मार्च १९७७ रोजी पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले. लॉस एंजेलिसजवळच्या एल माँटे येथील मंडळाच्या वाहनचाचणी प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

मागे उरलेले

या प्रयोगशाळेची पुढची कहाणी त्यांच्या स्वभावाला साजेशी आहे. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांना फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या रस्त्यावर चाचणीपेक्षा कितीतरी अधिक नायट्रोजन ऑक्साइडे सोडताना आढळल्या. कंपनीने कारणे पुढे केली, गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्याचे सांगितले. कॅलिफोर्नियाच्या मंडळाचे अभियंते मात्र पुन्हा पुन्हा चाचण्या घेत राहिले. समाधानकारक उत्तराखेरीज नव्या मॉडेलला परवानगी मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने चाचणीला फसवणारी संगणकप्रणाली बसवल्याचे मान्य केले. २०२१ मध्ये मंडळाची प्रयोगशाळा रिव्हरसाइड येथील नव्या संकुलात गेली.

कॅलिफोर्नियाची ती विशेष सवलत आजही वादाच्या भोवऱ्यात आहे. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी राज्याच्या विजेवरील वाहनांविषयीच्या धोरणाला मिळालेली मुभा रद्द करणाऱ्या ठरावांवर स्वाक्षरी केली आणि राज्याने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सरकारने हवेसाठी काय करावे हा प्रश्न एकदा सुटला की कायमचा सुटला, असे होत नाही, हाच याचा अर्थ.

आपल्याकडे १९८१ मध्ये हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत ज्या बारा प्रदूषकांची यादी आहे, तीत हेगन-स्मिट यांच्या रबराच्या पट्टीने पकडलेला ओझोनही आहे. आपल्या शहरांत हिवाळ्यात चर्चा होते ती धूलिकणांची, आणि ती व्हायलाच हवी. पण कोणाच्याही धुराड्यातून न निघणारा हा वायू उन्हाच्या दिवसांत आपल्याही डोक्यावर शिजतो.

लॉस एंजेलिसमध्ये आजही ओझोन मानकापेक्षा अधिक असलेले दिवस येतात. परंतु १९५० च्या दशकात डोंगर दिसेनासे करणारा तो दाट, डोळे जाळणारा पडदा आता तेथे नाही, आणि तो हटला तेव्हा शहरातील गाड्यांची संख्या कित्येक पटींनी वाढलेली होती. वारा बदलला नाही, डोंगर हलले नाहीत, ऊनही कमी झाले नाही. बदलली ती इंजिने, आणि ती बदलायला लावणारे नियम. त्या नियमांच्या मुळाशी अननसाचा गंध शोधता शोधता शहराच्या हवेपर्यंत पोहोचलेल्या एका प्राध्यापकाचा हट्ट होता.